४२.३४ मीटरवरचा आवाज : डॉ. उषा मेहता

सायखेडा (प्रतिनिधी) : रेडिओचे बटण फिरवून केंद्र 'लावणे' ही कला आता विस्मरणात चालली आहे. आजच्या संचावर आकडा उमटतो आणि केंद्र आपोआप स्वच्छ ऐकू येते. गोदाकाठच्या सायखेडा-चांदोरी परिसरात ज्यांनी काट्याचे जुने रेडिओ वापरले, त्यांना मात्र काटा केसभर सरकला की केंद्र हरवते, हे चांगले ठाऊक असेल. १९४२ साली अशाच एका आकड्याभोवती स्वातंत्र्यलढ्यातील एक विलक्षण अध्याय घडला. तो आकडा होता ४२.३४ मीटर, केंद्र होते मुंबईतील गुप्त 'काँग्रेस रेडिओ' आणि त्याचा कणा होत्या बावीस वर्षांच्या उषा मेहता.

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी गुजरातमध्ये सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या सेवेत न्यायाधीश होते. तरीही १९२८ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, सायमन कमिशनविरोधी मोर्चात त्या सामील झाल्या. वडिलांच्या निवृत्तीनंतर कुटुंब मुंबईत आले. विल्सन महाविद्यालयातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान विषयात पदवी घेऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला होता. खादी आणि गांधीविचार यांचा त्यांनी तेव्हाच स्वीकार केला होता.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह प्रमुख नेते तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. देशात कोठे काय घडते आहे, हे लोकांना कळण्याचा मार्गच उरला नाही. अशा वेळी उषाबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःचे रेडिओ केंद्र उभारण्याचे ठरविले. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी हे त्यांचे साथीदार होते. 'शिकागो रेडिओ' या मुंबईतील ध्वनिक्षेपक कंपनीचे नानक मोटवानी यांनी साहित्य पुरविले. प्रक्षेपक यंत्र नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने तयार केले. युद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द केले होते. त्यामुळे असे यंत्र जवळ बाळगणे हाही गुन्हाच होता. २७ ऑगस्ट १९४२ रोजी केंद्राचे पहिले प्रसारण झाले.

या केंद्राचा आकडा समजून घेतल्याशिवाय त्या कार्यातील धोका ध्यानी येत नाही. त्या काळी रेडिओच्या तबकडीवर लहरींची लांबी मीटरमध्ये दिलेली असे. आजचे संच लांबीऐवजी वारंवारता, म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा कंप पावते, ते दाखवितात. एकीवरून दुसरी काढणे सोपे आहे. प्रकाशाच्या वेगाला लहरीच्या लांबीने भागले की वारंवारता मिळते. त्या हिशेबाने ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ होतात. हौशी रेडिओचालक ज्याला चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात, त्यातली ही जागा आहे. सूर्यास्तानंतर या पट्ट्यातील लहरी वरच्या वातावरणातून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर जातात.

दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे केवळ शोभेचे नव्हते. मीटरच्या शंभराव्या भागाचा फरक म्हणजे येथे जवळपास १.७ किलोहर्ट्झ. साध्या घरगुती संचाच्या तबकडीवर एवढा बारीक फरक दिसणे शक्य नव्हते. श्रोता काटा बेचाळीसच्या आसपास आणी आणि मग खरखरीतून आवाज वर येईपर्यंत बटण हलक्या हाताने फिरवीत राही. अंतिम जुळणी डोळ्यांनी नव्हे, तर कानांनी करावी लागे. आज भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा 'सिटिझन बँड' पाच वॅटपर्यंतच्या संचांना २००५ च्या नियमांनुसार परवानामुक्त आहे. त्या पट्ट्यातील अनेक संचांवर चॅनेलचा क्रमांक किंवा नेमकी वारंवारता झळकते. तरीही काही संचांवर बारीक जुळणीचे वेगळे बटण असते. एकपट्टी प्रक्षेपणात, म्हणजे लहरीची एकच बाजू पाठविली जाते तेव्हा, वारंवारता किंचित जरी हलली तरी माणसाचा आवाज विचित्र ऐकू येतो आणि तो पुन्हा कानांनीच जुळवावा लागतो.

काँग्रेस रेडिओची अडचण अशी, की श्रोत्यांना केंद्र सापडायचे तर आकडा जाहीर करणे भागच होते. म्हणून प्रत्येक प्रसारणाच्या आरंभी आकडा सांगितला जाई. ठिकाणाविषयी मात्र भारतात कोठेतरी, एवढाच उल्लेख असे. पण जो आकडा श्रोत्याला केंद्रापर्यंत नेई, तोच पोलिसांनाही नेई. फिरती चौकटीची एरियल लावून लहर कोणत्या दिशेने येते ते पाहता येते. दोन ठिकाणांहून घेतलेल्या दिशा नकाशावर जेथे छेदतात, तेथे प्रक्षेपक असतो. त्यामुळे यंत्र एका जागी ठेवणे धोक्याचे होते. चौपाटीवरील सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, गिरगावातील पारेखवाडी अशी ठिकाणे बदलत केंद्र सुरू राहिले.

डॉ. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन या भूमिगत नेत्यांचे पाठबळ केंद्राला लाभले. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, विदर्भातील चिमूर आणि आष्टी येथील उठाव व त्यानंतरचे अत्याचार या वृत्तपत्रांत येऊ न शकणाऱ्या बातम्या या केंद्राने दिल्या. हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत निवेदन होई. उषाबेन स्वतःही निवेदन करीत.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी बाबूभाईंच्या कार्यालयावर छापा घातला. त्या रात्री प्रसारण करणे म्हणजे पकडले जाणे, हे उषाबेनना उमगले होते. तरीही सहकाऱ्यांना सावध करून त्या महालक्ष्मीजवळच्या पॅराडाइज बंगल्यात ठरल्या वेळी पोहोचल्या. कार्यक्रम संपत आला असताना पोलीस दारे तोडून आत शिरले. वंदे मातरमची ध्वनिमुद्रिका त्यांनी थांबविली नाही. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी यांना तेथेच अटक झाली. यंत्र घडविणारे प्रिंटर पुढे माफीचे साक्षीदार झाले.

अनेक महिने चौकशी चालली. उषाबेननी तपास अधिकाऱ्यांना काहीही सांगितले नाही. न्यायालयातही उत्तर देण्याचे बंधन नाही, याची खात्री करून घेऊन त्यांनी मौन पाळले. १९४३ मध्ये विशेष न्यायालयाने बाबूभाईंना पाच, त्यांना चार आणि चंद्रकांत यांना एक वर्षाची शिक्षा सुनावली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी निर्दोष सुटले. उषाबेनना येरवडा तुरुंगात ठेवण्यात आले. १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली, तेव्हा प्रकृती खालावलेली होती.

त्यांच्या जीवनात एक विसंगती दिसते. गांधीजींना लपूनछपून केलेले कार्य पसंत नव्हते. १९४४ मध्ये सुटकेनंतर त्यांनी भूमिगतांना उघडपणे समोर येण्यास सांगितले. उषाबेन तर गांधीजींच्याच अनुयायी. परंतु त्यांच्या केंद्राने लपविले ते फक्त स्वतःचे घर. आपण कोण, कोणत्या लहरीवर आणि काय सांगत आहोत, हे ते दररोज उघडपणे जाहीर करीत होते.

सुटकेनंतर त्यांनी पुन्हा अभ्यास हाती घेतला. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली आणि विल्सन महाविद्यालयात सुमारे तीन दशके अध्यापन केले. सत्तेच्या राजकारणापासून त्या दूर राहिल्या. मणिभवन या गांधी संग्रहालयाच्या कार्यात त्यांनी उत्तरायुष्य वेचले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण किताब मिळाला.

९ ऑगस्ट २००० रोजी, अंगात ताप असतानाही, त्या ऑगस्ट क्रांती मैदानावरील कार्यक्रमास उपस्थित राहिल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. त्यांचे केंद्र तीन महिनेही चालले नाही. परंतु बातमीवर बंदी असलेल्या त्या काळात आकडा ठाऊक असलेल्या कोणालाही, हलक्या हाताने बटण फिरवून, देशाची खबर मिळू शकत होती.