थिओडोर कोखर

नोबेल पारितोषिकाचा मान मिळविणारे पहिले शस्त्रवैद्य म्हणजे थिओडोर कोखर. परंतु त्यांच्या हस्तकौशल्याहूनही त्यांची सत्यनिष्ठा आम्हांस अधिक वंदनीय वाटते.

कोखर यांचा जन्म 25 ऑगस्ट 1841 रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी झाला. 1872 साली ते तेथील विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या डोंगराळ मुलखाच्या मातीत आयोडीन अल्प. त्यामुळे गळ्यातील थायरॉईड ग्रंथी फुगून अनेकांस गलगंड होई. त्यावरील शस्त्रक्रियेत रक्तस्रावाने व जंतुसंसर्गाने पुष्कळ रोगी दगावत. कोखर यांनी कमालीची स्वच्छता राखली आणि प्रत्येक रक्तवाहिनी जपून बांधली. अशा सुमारे पाच हजार शस्त्रक्रिया त्यांनी केल्या व मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहूनही खाली आणले.

कीर्ती वाढत असतानाच त्यांनी आपल्या जुन्या रोग्यांस पुन्हा तपासणीसाठी बोलाविले. ज्यांची ग्रंथी समूळ काढली होती, त्यांतील बहुतेक जण सुजलेले, मंद व निस्तेज झाले होते. लहान मुलांची वाढ खुंटली होती. आपल्याच उपचाराचा हा परिणाम कोखर यांनी लपविला नाही. 1883 साली बर्लिन येथील शल्यवैद्यांच्या सभेत त्यांनी तो उघडपणे मांडला आणि संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. निरुपयोगी मानलेली ग्रंथी जीवनावश्यक आहे, हे त्यातून जगास उमगले.

1909 साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. 27 जुलै 1917 रोजी ते निवर्तले.

या ग्रंथीचा हृदयाशीही निकट संबंध आहे. तिचा स्राव कमी पडला की यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल पुरेसे उचलून घेत नाही. ते साचून हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्या अरुंद होऊ शकतात. उलट, अशा हृद्रोग्यास तोच स्राव औषध म्हणून एकदम भरपूर दिल्यास हृदयावर ताण येतो. म्हणून वैद्य अल्प मात्रेने प्रारंभ करतात.

आपल्या देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 साली सुरू झाला. गोमंतकातील मिठागरांचे मीठ समुद्राचे असले तरी त्यात आयोडीन फारच थोडे असते; ते मिठात मुद्दाम मिसळावे लागते.

यशाच्या शिखरावर असतानाही आपल्या कामाची फेरतपासणी करण्याचे धैर्य कोखर यांनी दाखविले. त्याचे फळ असंख्य रोग्यांस लाभले. अभ्यास करताना हाच आदर्श आपण सर्वांनी डोळ्यांपुढे ठेवावा.