विडीच्या दुकानातले महाराज

लालबागला आमच्या चाळीत दर गुरुवारी दत्ताची आरती व्हायची. तेव्हापासून मनात एक हौस होती, एकदा तरी गिरनार चढायचा. यंदा दत्तजयंतीला जायचं नक्की केलं होतं, पण राहिलंच. सौ. अर्धांगवायूने तीन वर्षं अंथरुणावर आहे. तिला टाकून जाणार कसं? मनातून मात्र मी चडफडत होतो. संसार आडवा आला म्हणत होतो.

अशा वेळी निसर्गदत्त महाराजांचं चरित्र पुन्हा हाती घेतलं.

महाराजांचं मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म 1897 सालचा, मुंबईत, हनुमान जयंतीचा. म्हणूनच नाव मारुती. बालपण सिंधुदुर्गातल्या कांदळगावी, शेतीभातीत गेलं. वडील वारल्यावर 1918 च्या सुमारास पोटासाठी मुंबई गाठली. आधी कारकुनी केली, मग विड्यांचं दुकान टाकलं. धंदा वाढला, दुकानं वाढली. 1924 साली सुमतीबाईंशी लग्न झालं, पुढे तीन मुली आणि एक मुलगा झाला. तुमच्याआमच्यासारखाच प्रपंच.

1933 साली एका मित्राने त्यांना सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेलं. ही इंचगिरी परंपरा नवनाथांची, आणि नवनाथांचे आदिगुरू आपले दत्तात्रेय. गुरूंनी साधन दिलं ते अगदी साधं. देह, नाव, जात, धंदा यांच्या आधी आपण आहोत ही जी नुसती जाणीव असते, तिलाच धरून बसायचं. मारुतीरावांनी गुरूच्या शब्दावर विश्वास टाकला आणि फावल्या वेळात तेवढंच केलं. 1936 साली गुरूंनी देह ठेवला. बाणगंगेला त्यांची समाधी आहे.

पुढच्या वर्षी मारुतीराव घर सोडून निघाले. आधी दक्षिणेकडची तीर्थं केली, मग पावलं हिमालयाकडे वळली. वाटेत एक गुरुबंधू भेटले. त्यांच्याशी बोलताना मनाला पटलं की, वैराग्य आत असेल तर घरीही चालतं. 1938 साली ते परत आले. दुकानांपैकी एकच उरलं होतं. तेवढ्यावरच पुन्हा बसले. पुढे काही वर्षांत पत्नी गेली, एक मुलगीही गेली. तरी दुकान, भजन आणि साधना सुटली नाही.

खेतवाडीच्या दहाव्या गल्लीतल्या घराच्या पोटमाळ्यावर ते मराठीतून बोलत. भिंतीवर गुरूंच्या तसबिरी, नेमाने आरती-भजन. मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या गृहस्थाने त्यांच्या संवादांचं इंग्रजी पुस्तक केलं. औंध संस्थानच्या स्वराज्याच्या घटनेला हातभार लावणारे फ्रिडमन ते हेच. 1973 साली पुस्तक निघालं आणि ध्यानाच्या शोधात असलेली परदेशी माणसं ती गल्ली विचारत येऊ लागली. शेवटी घशाचा कर्करोग झाला, तरी जमेल तोवर ते बोलत राहिले. 8 सप्टेंबर 1981 रोजी त्यांनी देह ठेवला.

मी तेव्हा ऐन पंचविशीत. लालबागहून खेतवाडी ती किती लांब? पण विडी ओढणारा, दुकान चालवणारा माणूस संत कसा असेल, या माझ्या शंकेने पाय अडवले. लोक समुद्र ओलांडून आले, मी दोन-तीन मैल गेलो नाही. ही हुरहुर आजही आहे.

आता पहाटे चारला उठतो. सौ.ची कूस बदलतो, तिला पाणी पाजतो आणि तिच्या खाटेशीच दहा मिनिटं बसतो. मी आहे, एवढंच धरायचं. कधी जमतं, बरेचदा डुलकी लागते. पण परवा तिचे पाय चेपताना ध्यानात आलं की, चडफड थांबली आहे. महाराज हिमालयाच्या वाटेवरून ज्या घरी परतले, तसंच हेही एक घर. आज गिरनार झाला नाही तरी माझी सेवा इथेच रुजू होते आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!