डेसिबलमधला ‘बेल’

हेडफोनसाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी बनवायचं वेड हॉस्टेलवर अधूनमधून कुणाला तरी लागतंच. पनवेल लोकल पकडायची, लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर पिशवीत भरून आणायचे आणि रात्रभर सोल्डरिंग करायचं. अ‍ॅम्प्लिफायर वाजायला लागतो, पण व्हॉल्यूमचा पॉट असतो सगळ्यात स्वस्तातला. मग रात्री आवाज अगदी कमी केला की गाणं एकाच कानात ऐकू येतं आणि नॉब फिरवला की खरखर! शेवटी पॉट बदलायचं ठरतं, डेटाशीट उघडली जाते आणि तिथे जागोजागी डीबी, म्हणजे डेसिबल, हे एकक दिसतं. इंग्रजीत लिहिताना यातला ‘बी’ कॅपिटल काढतात, कारण ते एका माणसाचं आडनाव आहे. तो माणूस म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. टेलिफोनचा शोध लावणारा, एवढंच आपण शाळेत शिकतो. पण बेलचं सगळं आयुष्य गेलं ते ‘ऐकू येणं’ या एकाच प्रश्नाभोवती.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. आपल्या शेजारच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके त्याच्याहून जेमतेम दीड वर्षाने मोठे, म्हणजे काळ तोच. बेलची आई जवळजवळ बहिरी होती, तरी पियानो वाजवायची. वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. कोणत्याही भाषेतला ध्वनी तोंडातल्या अवयवांच्या स्थितीवरून कागदावर उतरवता येईल, अशी एक लिपी त्यांनी तयार केली होती. घरात सतत विषय एकच : आवाज कसा तयार होतो आणि तो न ऐकणाऱ्यापर्यंत कसा पोहोचवायचा.

१८६७ मध्ये धाकटा भाऊ क्षयाने गेला आणि १८७० मध्ये थोरलाही गेला. उरलेला एकुलता मुलगा वाचावा म्हणून आई-वडील त्याला घेऊन कॅनडाला गेले. पुढच्याच वर्षी बेल बोस्टनला बहिऱ्या मुलांना शिकवू लागला. दिवसा शिकवणी, रात्री विजेचे प्रयोग. थोडक्यात आपल्यासारखंच, सबमिशन दिवसा आणि खरं काम रात्री! त्याच्या विद्यार्थिनींमध्ये मेबेल हबर्ड होती. पाच वर्षांची असताना स्कार्लेट फीव्हरने तिची श्रवणशक्ती गेली होती. ११ जुलै १८७७ रोजी दोघांचं लग्न झालं. लग्नाची भेट म्हणून बेलने स्वतःकडे दहा शेअर ठेवून टेलिफोन कंपनीतले आपले बाकीचे सगळे शेअर तिच्या नावावर केले. आपल्या नवऱ्याचा टेलिफोन मेबेल कधीच ऐकू शकणार नव्हती.

आता पेटंटची गोष्ट. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी बेलचा अर्ज वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसात दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे नावाच्या दुसऱ्या संशोधकानेही आपली नोंद तिथे दिली. ७ मार्चला पेटंट बेलला मिळालं आणि १० मार्चला शेजारच्या खोलीतल्या थॉमस वॉटसन या मदतनिसाला बेलचे शब्द तारेतून स्पष्ट ऐकू आले. त्या दिवशी वापरलेलं यंत्र मोठं मजेदार होतं. पडद्याला एक तार चिकटवलेली आणि तिचं टोक आम्ल घातलेल्या पाण्यात बुडवलेलं. बोललं की पडदा हलायचा, तार कमी-जास्त बुडायची, रेझिस्टन्स बदलायचा आणि त्यासोबत करंटही. आपला पॉट हेच करतो. तिथे आवाज रेझिस्टन्स बदलत होता, इथे आपली बोटं बदलतात, एवढाच फरक.

अडचण अशी, की पाण्यातल्या बदलत्या रेझिस्टन्सची कल्पना ग्रेच्या नोंदीत स्पष्टपणे लिहिलेली होती. बेलच्या अर्जातही बदलत्या रेझिस्टन्सचा उल्लेख होता, पण तो तिथे कधी आणि कसा आला यावर अभ्यासक आजही भांडतात. कोर्टात शेकडो दावे झाले आणि १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेलच्या बाजूने निकाल दिला. कायद्याने प्रश्न मिटला, शंका मात्र मिटली नाही.

तोपर्यंत टेलिफोन जगभर पसरला होता. मुंबईत १८८२ मध्येच एक्स्चेंज सुरू झालं होतं. पण तारेतून जाताना आवाज क्षीण व्हायचा. फार लांबच्या शहराशी बोलणं अशक्यच. त्यावर उपाय निघाला तो आपल्या व्हॉल्व्हमुळे! ली डी फॉरेस्टचा ट्रायोड टेलिफोन कंपनीच्या इंजिनिअरांनी सुधारला आणि लाईनमध्ये अ‍ॅम्प्लिफायर म्हणून बसवला. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेला सदुसष्ट वर्षांचा बेल सॅन फ्रान्सिस्कोमधल्या त्याच जुन्या वॉटसनशी बोलला. मधलं अंतर एका खोलीवरून साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास गेलं होतं.

लाईनमध्ये आवाज किती घटला हे इंजिनिअर मंडळी आधी ठरावीक केबलच्या ‘मैलां’त मोजायची. १९२४ मध्ये त्याऐवजी लॉगरिदमवर आधारलेलं नवं एकक आलं आणि १९२८ मध्ये त्याला बेलचं नाव मिळालं. बेल म्हणजे पॉवरचं दहापट गुणोत्तर, डेसिबल त्याचा दहावा भाग. साधारण एक डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो.

इथेच आपल्या पॉटचं कोडं सुटतं. आपला कान बेरजेने नाही, गुणाकाराने ऐकतो. व्होल्टेज निम्मं केलं तरी आवाज फक्त ६ डीबीने उतरतो. म्हणून लिनिअर पॉट लावला तर वरच्या अर्ध्या फेरीत काहीच होत नाही आणि सगळा बदल तळाशी गर्दी करतो. त्यासाठी लॉग पॉट हवा. पण स्वस्त लॉग पॉटमध्ये कार्बनचे दोन-तीन सरळ पट्टे जोडून लॉगचा वक्र कसाबसा जमवलेला असतो. डाव्या-उजव्या बाजूचे पट्टे तंतोतंत सारखे नसतात आणि तळाशी हा फरक सगळ्यात जास्त कळतो. गाणं एका कानात सरकतं ते यामुळे.

उपाय म्हणजे दोन डेकचा, २४ जागांचा रोटरी स्विच आणि एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर. दर पायरीला २ डीबी धरले तर २३ पायऱ्यांत ४६ डीबी, म्हणजे व्होल्टेज सुमारे दोनशेपट खाली. एकूण १०० किलोओहम हवे असतील तर वरचा पहिला रेझिस्टर २०.६ किलोओहम, पुढचा १६.३, त्यापुढचा १३. प्रत्येक वेळी आधीच्याला ०.७९४ ने गुणत जायचं. शेवटच्या जागेपासून ग्राउंडपर्यंत सुमारे ५०० ओहम उरतात. बाजारात मिळेल ती जवळची किंमत घ्या, मात्र दोन्ही बाजूंच्या जोड्या मल्टिमीटरने मोजून लावा. पुढचा संपर्क झाल्यावरच मागचा सुटतो, असा स्विच मागा. व्हॉल्व्हच्या ग्रिडपासून ग्राउंडला दोन्ही चॅनेलवर एकेक मेगओहमचा रेझिस्टर टाका, म्हणजे संपर्क क्षणभर सुटला तरी ग्रिड लटकत राहणार नाही. आणि खरखर नव्या पॉटनेही गेली नाही, तर पॉटवर डीसी येतंय का ते आधी तपासा. बऱ्याचदा गुन्हेगार गळका कपॅसिटर असतो.

एक धोक्याची सूचना. व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये दोनशे व्होल्टहूनही जास्त डीसी असू शकतं आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतं. रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला.

बेलचं चरित्र मात्र इथे संपवलं तर ते अर्धवट राहील. त्याने श्रवणशक्ती मोजणारं ऑडिओमीटर बनवलं, प्रकाशाच्या किरणावरून आवाज पाठवला, हेलन केलरच्या वडिलांना योग्य शाळेची वाट दाखवली. हेलनने आपलं आत्मचरित्र त्यालाच अर्पण केलं. पण बहिऱ्यांनी बोलायलाच शिकलं पाहिजे, हातांच्या खुणांची भाषा शाळेतून गेली पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. १८८३ मध्ये त्याने बहिऱ्यांच्या आपापसातल्या लग्नांमुळे बहिऱ्यांची वेगळी जमात तयार होईल अशी भीती मांडणारा निबंध वाचला. अशा विचारांचं वजन फार मोठं पडलं. अनेक देशांतल्या मुलांचे हात शाळेत बांधल्यासारखेच झाले. ज्यांच्यासाठी त्याने आयुष्य वेचलं, त्यांच्यातले कित्येक जण आजही त्याचं नाव रागाने घेतात. आई आणि बायको दोघी बहिऱ्या असलेल्या माणसाला हे कळू नये, याचं वाईट वाटतं.

त्याची चूक आपल्या ओळखीची आहे. समोरच्याला काय हवं हे न विचारता आपण त्याचं सर्किट डिझाइन करतो. आज भारतीय सांकेतिक भाषेचं स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही या भाषेची दखल घेतली आहे. बेलला हे पटलं असतं की नाही, सांगता येत नाही.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया इथे बेल वारला. दोन दिवसांनी अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. शांततेची ती श्रद्धांजली ऐकायला न येणाऱ्या मेबेलनेही अनुभवली असेल. पाच महिन्यांनी तीही गेली.

तेव्हा दोस्तांनो, नवा स्विच बसला की नॉब तळापासून सुरू करा आणि कानाला पुरेल तिथेच थांबवा. कान हा भाग लॅमिंग्टन रोडलाही मिळत नाही!