संत झेली मार्टिन: आई झाल्यावरही पत्नी



घरभेटीसाठी आम्ही आपल्या दारी येतो तेव्हा एक गोष्ट नेहमी कानावर पडते. लग्नाची नोंद करायला पॅरिश ऑफिसात आलेली मुलगी आपल्या होणाऱ्या नवऱ्याचे नाव अगदी हौसेने घेते. पाच-सहा वर्षांनी त्याच घरी गेलो की ती आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारते, "पप्पा, फादर आलेत!" हाक तिच्या वडिलांना नसते, नवऱ्याला असते. तोही तिला "मम्मी" म्हणतो. मुलांना बोलायला यावे म्हणून सुरू झालेली ही हाक पुढे कायमची होते. त्यात पाप नाही. पण हळूहळू त्या घरात एक मम्मी आणि एक पप्पा तेवढे उरतात. बाळ मधे झोपते, मग शाळा येते, ट्यूशन येते, पहिला कम्युनियन येतो, आणि ज्या दोघांनी वेदीसमोर एकमेकांचा हात धरला होता ते दोघे कुठे गेले हे कोणी विचारत नाही. पुढे कधीतरी त्यांतला एक आमच्यासमोर येऊन बसतो आणि सांगतो, "फादर, भांडण असे काहीच नाही. पण आमच्यात आता काही उरलेले नाही."

या विषयावर आम्ही लिहावे का, याचा आम्ही बराच विचार केला. आम्हाला संसार नाही, रात्रभर रडणारे बाळ आम्ही कधी खांद्यावर घेतलेले नाही. म्हणून उपदेश बाजूला ठेवून, जिला नऊ मुले झाली अशा एका बाईची कहाणी सांगतो. लिजिएच्या संत तेरेजेला आपण सारे ओळखतो. ही तिची आई, झेली मार्टिन.

झेली गेरँ हिचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, अलाँसों शहराजवळच्या एका खेड्यात झाला. वडील शिपाईगडी, आई कडक. लाड असे त्या घरात कोणाचे झाले नाहीत. झेलीला धर्मभगिनी व्हायचे होते, पण अलाँसोंच्या इस्पितळात सेवा करणाऱ्या भगिनींच्या वरिष्ठांनी तिला घेतले नाही. मग तिने त्या शहराची प्रसिद्ध लेस विणण्याची कला शिकून स्वतःचा धंदा सुरू केला. ही लेस तुकड्यातुकड्यांनी तयार होते. झेली घरोघरच्या बायकांना काम देई, गुरुवारी त्या विणलेले तुकडे घेऊन येत, आणि ते तुकडे जोड दिसणार नाही अशा टाक्यांनी जोडण्याचे सर्वांत अवघड काम ती स्वतः करी.

लुई मार्टिन घड्याळजी. त्यालाही तरुणपणी आल्प्स पर्वतातल्या एका मठात जायचे होते, पण लॅटिन येत नव्हते म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. अशा दोन 'नाकारलेल्या' माणसांची १८५८ साली अलाँसोंमध्ये गाठ पडली आणि काही महिन्यांतच, १३ जुलैच्या मध्यरात्री, तिथल्या प्रमुख चर्चमध्ये त्यांचे लग्न लागले. तो ३४ वर्षांचा होता, ती २६ ची.

आणि इथे आपल्याला चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट घडली. लग्नानंतर दहा महिने ही दोघे बहीण-भावासारखी राहिली. लुईला वाटत होते की पवित्र राहायचे तर असेच राहिले पाहिजे. झेलीनेही ते मान्य केले. शेवटी त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्यांना समजावले, की देवाने तुम्हाला मठात बोलावलेले नाही, संसारात बोलावले आहे. तेव्हा नवरा-बायकोसारखे राहा. त्या धर्मगुरूचे आम्हाला फार कौतुक वाटते. आपल्याकडे अजूनही कित्येकांच्या मनात असे असते की शारीरिक जवळीक ही देवाने नाइलाजाने चालवून घेतलेली गोष्ट आहे, आणि मुले झाली की तिचे काम संपले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हीही काही दिवस देह एका कप्प्यात आणि आत्मा दुसऱ्या कप्प्यात ठेवून विचार करीत होतो. संत थॉमस अक्वायनस मात्र असा माणूस दोन तुकड्यांत कापत नाही. पती-पत्नीची मैत्री ही सर्वांत मोठी मैत्री, असे तो मानतो, आणि त्या मैत्रीत देहालाही त्याचे मानाचे स्थान देतो. हे ब्रह्मचारी माणसाने तेराव्या शतकात लिहून ठेवले आहे!

तर मार्टिनांच्या घरी पाळणा हलला. १८६० साली मारी, १८६१ मध्ये पोलिन, १८६३ च्या जूनमध्ये लिओनी. म्हणजे १८६३ च्या ऑक्टोबरात घरात तीन मुली होत्या: एक साडेतीन वर्षांची, एक दोन वर्षांची आणि एक चार महिन्यांची. शिवाय लेसचा धंदा. नेमक्या त्याच महिन्यात लेसच्या कामासाठी लुई पॅरिसला गेला होता. तिथून त्याने बायकोला लिहिलेले पत्र आजही जपून ठेवलेले आहे. धंद्याचा हिशेब त्यात आहेच. पण पत्राच्या सुरुवातीला तो तिला मैत्रीण म्हणतो, तिच्याकडे परतायला दिवस फार लांबले आहेत असे कळवतो, ती फार दमते म्हणून तिला दटावतो, आणि शेवटी सही करताना स्वतःला तिचा नवरा आणि खरा मित्र म्हणवतो. तीन लहान मुलींच्या बापाचे हे पत्र आहे. मुलींना मुका सांगून मोकळा झालेला बाप हा नव्हे. त्याच वर्षाच्या आरंभी झेलीने आपल्या भावाला कळवले होते की नवऱ्यामुळे तिचे आयुष्य सुखाचे झाले आहे आणि असा नवरा प्रत्येक बाईला मिळावा. आम्ही पुरुषमंडळींना विचारतो, आपल्या बायकोने तिच्या भावाला फोनवर आपल्याबद्दल असे काही सांगितल्याचे आठवते का?

पुढची वर्षे जड गेली. १८६४ मध्ये एलेन झाली. मग दोन मुलगे झाले, दोघांचे नाव जोसेफ. पहिला १८६७ च्या फेब्रुवारीत गेला, दुसरा १८६८ च्या ऑगस्टमध्ये. दोघांनाही वर्ष पुरे झाले नव्हते. १८६९ मध्ये सेलिन जन्मली. १८७० च्या फेब्रुवारीत पाच वर्षांची एलेन अचानक गेली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जन्मलेली मेलानी-तेरेजा दोन महिन्यांच्या आतच वारली. चार वर्षांच्या आत चार लहान शवपेट्या या घरातून बाहेर पडल्या. मूल गेल्यावर कित्येक जोडपी एकमेकांपासून तुटतात, हे आम्ही या धर्मग्रामात पाहिले आहे. एक रडतो, दुसऱ्याला रडता येत नाही. मग रडणाऱ्याला वाटते की याला दुःखच नाही. मार्टिन दांपत्य का तुटले नाही, याचे एकच उत्तर देता येणार नाही. पहाटेच्या मिस्साला ती दोघे रोज बरोबर जात, हे खरे. पण आम्हाला दुसरीही एक गोष्ट महत्त्वाची वाटते.

१८७० साली लुईने आपले घड्याळांचे दुकान भाच्याला विकले आणि बायकोच्या धंद्यात हात दिला. गिऱ्हाइकांकडे जाणे, ऑर्डरी आणणे, हिशेब पाहणे ही कामे त्याने उचलली. त्या काळात, एकोणिसाव्या शतकात, एका पुरुषाने स्वतःचे चालते दुकान बंद करून बायकोच्या नावाच्या धंद्यात काम करावे! जवळीक हा शब्द ऐकला की आपल्याला रात्रीची खोली आठवते. पण दिवसभर जिला कोणी हात दिला नाही, जी भांडी आवरून अकरा वाजता अंथरुणाला पाठ टेकते, तिच्याकडून रात्री प्रेमाची अपेक्षा करणारा नवरा तिला कामगारच समजतो, आणखी एका पाळीचा. बाळंतपणानंतर तिचे शरीर सावरायला वेळ घेते. तिने "आज नको" म्हटले तर तो अपमान समजायचा नसतो. आणि तिच्या त्या "नको"मध्ये थकवा किती, एकटेपणा किती, आणि मनात साचलेला राग किती, हे तिला प्रेमाने विचारावे लागते. नवऱ्यालाही दुखते, तेही तिने ऐकले पाहिजे. न बोलता वर्षे काढणे हे त्यावर औषध नाही.

२ जानेवारी १८७३ रोजी धाकटी तेरेजा जन्मली. झेलीचे वय ४१. तिला स्वतःला बाळाला पाजता येईना, बाळ मरायला टेकले. तेव्हा झेली भल्या पहाटे पायी सेमाले नावाच्या खेड्यात गेली आणि तिथून रोझ ताये या शेतकरी बाईला दूधआई म्हणून घेऊन आली. तेरेजा पुढे वर्षभर त्या रोझच्या घरीच वाढली.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस झेली मोठ्या दोन मुलींना घेऊन भावाकडे लिजिएला गेली. भाऊ औषधविक्रेता, घर खाऊनपिऊन सुखी, पाहुणचारात काही कमी नाही. मुली खूश होत्या. पण ३१ ऑगस्टला तिने लुईला पत्र लिहिले. आपल्याला इथे कशातच गोडी वाटत नाही, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखे झाले आहे, दिवसभर मनाने आपण त्याच्याजवळच असतो, आता तो हे करीत असेल, आता ते करीत असेल असे सारखे मनात येते, आणि त्याच्यापासून दूर राहून जगणे आपल्याला जमणार नाही, अशा अर्थाचे ते पत्र आहे. लग्नाला पंधरा वर्षे झाली होती. नऊ बाळंतपणे झाली होती. चार मुले मातीआड गेली होती. छातीतली जी गाठ पुढे तिचा जीव घेणार होती तिचे दुखणेही सुरू झालेले होते. आणि ही बाई चार दिवसांच्या माहेरपणात नवऱ्यासाठी झुरत होती.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच झेलीने शेवटच्या वर्षी पोलिनला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की मुले झाल्यावर आमचे विचार बदलले आणि आम्ही त्यांच्यासाठीच जगू लागलो. काही प्रवचनकार तेवढेच वाक्य उचलतात आणि आईबापांनी स्वतःला विसरून जावे असे सांगतात. आम्हाला ते पटत नाही. ते पत्र लेकीला लिहिलेले आहे, आणि आई लेकीला असेच लिहिणार. नवऱ्याला लिहिलेले पत्र त्याच्या शेजारी ठेवून वाचावे. मुलांसाठी जगणारी ती दोघे एकमेकांना विसरली नव्हती. उलट, ती एकमेकांना धरून होती म्हणूनच मुलांसाठी इतके झिजू शकली, असे आम्हाला वाटते.

ते घर आदर्श होते, असेही कोणी समजू नये. झेली कामात इतकी बुडालेली असे की लिओनीला घरातली मोलकरीण धाकात ठेवून छळते आहे हे तिला कळायला फार उशीर झाला. तिने स्वतःला त्यासाठी दोष दिला. संतांच्याही घरात असे घडते.

१८७६ च्या डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितले की गाठ मोठी आहे आणि शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. लुईला मासेमारीचा भारी नाद होता. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन नदीकाठी बसणे हा त्याचा एकमेव छंद म्हणा ना! त्या दिवसानंतर त्याने गळ माळ्यावर टाकले. मित्रांच्या मंडळात जाणेही बंद केले. त्याला झेलीला सोडून कुठे जायचेच नव्हते. १८७७ च्या जूनमध्ये ती मोठ्या तीन मुलींसह लूर्दला जाऊन आली. धाकट्या दोघींना घेऊन तो घरी थांबला. चमत्कार झाला नाही. ती मात्र हसतमुखाने परतली, आणि तिला तसे पाहून खचलेल्या लुईलाच धीर आला. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, ४५ व्या वर्षी, झेली वारली. तिला अखेरचा अभ्यंगसंस्कार देताना बापाचे हुंदके ऐकल्याची आठवण तेरेजेने पुढे नोंदवून ठेवली आहे. ती तेव्हा साडेचार वर्षांची होती.

लुईने दुसरे लग्न केले नाही. त्याच नोव्हेंबरात पाच मुलींना घेऊन तो लिजिएला, तिच्या भावाच्या आधाराला, राहायला गेला. पाचही मुली एकामागून एक व्रतस्थ झाल्या. स्मृती आणि भान हरपल्यामुळे त्याला काँ शहरातल्या मनोरुग्णांच्या इस्पितळात तीन वर्षे काढावी लागली. २९ जुलै १८९४ रोजी तो गेला.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी, रोममध्ये कुटुंबविषयक सिनड चालू असताना, पोप फ्रान्सिस यांनी दोघांना एकत्रच संत म्हणून जाहीर केले. दांपत्य म्हणून एकाच वेळी संतपदाला पोहोचलेले हे पहिलेच जोडपे. त्यांचा सणही एकच, १२ जुलै, लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. बहुतेक भावाला, भावजयीला आणि पोलिनला लिहिलेली. लुईला लिहिलेली अगदी मोजकी. त्याचे कारण सोपे आहे. एकोणीस वर्षांच्या संसारात ती दोघे एकमेकांपासून फार वेळा दूर राहिलीच नाहीत. दोघांचे पवित्र अवशेष आता लिजिएच्या बॅसिलिकेच्या तळघरातल्या चॅपलमध्ये एकाच पेटीत ठेवलेले आहेत.

आपला,
प्रमुख धर्मगुरू