महिनाभराचा ताप आणि संत बहिणाबाई



आज वाचनाला संत बहिणाबाईंचं अभंगांतलं आत्मचरित्र घेतलंय. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या. या १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावात जन्मल्या, तुकोबांच्या शिष्या.

लग्न झालं तेव्हा वय तीन वर्षं! नवरा पाठक घराण्यातला, तिशीचा, बिजवर. वेदविद्या जाणणारा, पण राग नाकावर. बहिणाबाई नऊ वर्षांच्या असताना घरच्या भांडणापायी आईवडिलांसकट सगळ्यांना देवगाव सोडावं लागलं. भिक्षा मागत, पंढरपूर करत मंडळी कोल्हापुरात येऊन राहिली.

तिथे दानात गाय-वासरू मिळालं आणि त्या वासराला बहिणाबाईंचा भारी लळा लागला. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते त्यांच्यामागे जायचं. स्वामींनी एकदा वासराच्या आणि बहिणाबाईंच्या डोक्यावरून हात फिरवला. गावात चर्चा झाली, ती नवऱ्याच्या कानावर गेली. त्याने वेणी धरून ओढलं, मारलं, बांधून ठेवलं. पुढे वासरू गेलं, बहिणाबाई तीन दिवस बेशुद्ध होत्या, आणि त्यात तुकोबांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. झालं! ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानायचं, आणि लोक आपल्याला सोडून हिच्या दर्शनाला येणार? नवऱ्याने ठरवलं, हिला माहेरच्यांपाशी सोडून तीर्थयात्रेला निघून जायचं. बहिणाबाईंना तेव्हा दिवस गेलेले होते.

निघायच्याच वेळी त्याला ताप भरला. साधासुधा नाही, औषधाला गुण येईना, अन्न जाईना, आणि असा जवळजवळ महिना गेला. बहिणाबाई रात्रंदिवस उशाशी बसून होत्या.

मला इथे थांबावंसं वाटतं. आपण ही गोष्ट पटकन ‘देवाने शिक्षा केली’ अशी सांगून मोकळे होतो. नवऱ्याला स्वतःला तसंच वाटलं होतं, हे खरं. पण आजारपण म्हणजे पापाचा हिशेब, असं मला वाटत नाही. आणि मारणाऱ्याजवळ राहणं हीच भक्ती, असा अर्थ तर कुणी काढूच नका. आज असा मार खाणाऱ्या ताईने आधी मदत मागावी, घर सोडावं लागलं तर सोडावं.

मला वेगळंच दिसतं. त्या आधीच्या दिवसांत बहिणाबाईंच्या मनात मोठी ओढाताण चालली होती. देव देवळात, गुरू फक्त स्वप्नात भेटलेला, आणि समोर हाडामांसाचा नवरा, धरायचं कुणाला? नवरा सोडून जाणार म्हटल्यावर पतीची सेवा हाच आपला देव, असंही त्यांनी मनाशी ठरवून पाहिलं. विठ्ठलाचं नाव मात्र सुटेना. एवढी शंका त्यांनी लपवली नाही, अभंगांत लिहून ठेवली. शंका असतानाही प्रार्थना चालते, हे मला यांच्याकडूनच कळलं.

आमच्या भंडाऱ्यात पेशंट सिरियस झाला की रात्रीबेरात्री गाडी काढून नागपूर गाठायचं, ६० किलोमीटर. गाडीत बसलेली बायको कुठला शास्त्रशुद्ध जप करत असेल? सलाईनची बाटली धरून नुसतं ‘विठ्ठला, विठ्ठला’. मध्येच नवऱ्याशी झालेलं कालचं भांडण आठवतं. तेही प्रार्थनेत मिसळतं. देवाला चालत असावं.

तर त्या आजारात नवऱ्याला एक वृद्ध ब्राह्मण दिसला. मरायला का निघालास, बायकोला का टाकतोस, असं त्याने खडसावलं. नवरा वरमला. जगलो तर हिच्याबरोबर हरिभक्ती करीन, असं मनाशी धरलं, आणि ताप उतरला. ‘चमत्कार कशावरून’ असं कुणी विचारेल. विचारा की. महिनाभर आपण जिला टाकणार होतो तीच अंग पुसतेय, पाणी पाजतेय, हे पडल्या पडल्या पाहणाऱ्या माणसाचं काय होत असेल, तेही विचारा.

पुढचं थोडक्यात. मुलगी काशीबाई, मुलगा विठोबा. शेवटची वर्षं वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला गेली. १७०० साली वयाच्या ७२ व्या वर्षी तिथेच देह ठेवला. समाधी आजही तिथेच आहे.

पण त्याआधी, नवरा बरा झाल्यावर, सगळं कुटुंब देहूला गेलं. तिथे मंबाजीने पुन्हा जातीवरूनच छळ मांडला. एवढं सगळं होऊनही, ज्या तुकोबांच्या नावाने घरात आग लागायची, त्यांच्यापुढे नवऱ्याने बायकोबरोबर डोकं टेकवलं.