राजा रविवर्मा

राजा रविवर्मा (२९ एप्रिल, इ.स. १८४८ - २ ऑक्टोबर, इ.स. १९०६) हे केरळमधील किळिमानूर येथे जन्मलेले भारतीय चित्रकार होते. तैलरंगातील वास्तववादी स्त्रीचित्रे व पौराणिक प्रसंगचित्रे यांसाठी ते ओळखले जातात. त्यांच्या चित्रांच्या प्रती काढणारा छापखाना काही काळ मुंबईच्या घाटकोपर उपनगरात होता.

शिक्षण

चित्रकलेचे पहिले धडे त्यांना मामा राजराज वर्मा यांनी दिले. इ.स. १८६२मध्ये ते त्रावणकोरच्या दरबारात आले. तैलरंग हे माध्यम तेथे नवे होते आणि ते शिकविण्यास कोणी राजी नव्हते. इ.स. १८६८मध्ये आलेले चित्रकार थिओडोर जेन्सन यांनी केवळ काम पाहण्याची मुभा दिली. पुढचे कौशल्य रविवर्मांनी स्वतःच्या प्रयत्नाने मिळविले. इ.स. १८७३मध्ये केशरचना करणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्रास मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले.

विचारमग्न स्त्री

स्वतःच्याच विचारात हरवलेली स्त्री हा त्यांच्या चित्रांतील वारंवार येणारा विषय आहे. 'शकुंतला पत्रलेखन' (इ.स. १८७६) या चित्रातील शकुंतला दुष्यंतास पत्र लिहिते आहे, तर 'हंस-दमयंती' (इ.स. १८९९) या चित्रात हंसाचा निरोप ऐकणारी दमयंती नळाच्या चिंतनात गढली आहे. दोन्ही ठिकाणी नायक चित्रात नाही. त्याचे अस्तित्व नायिकेच्या मुद्रेवरूनच कळते. पुराणातील या स्त्रियांना त्यांनी साडी नेसविली व ओळखीचे मानवी चेहरे दिले. त्वचेची कांती, जरीचा काठ, दागिन्यांवरील प्रकाश हे सारे तैलरंगामुळे साधले. इ.स. १८९३च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांची भारतीय स्त्रियांची दहा चित्रे होती.

मुंबई व छापखाना

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी काढलेली चौदा पौराणिक चित्रे मुंबईतही प्रदर्शित झाली. राजवाड्यातील चित्र सामान्यांच्या घरी पोहोचावे, या हेतूने इ.स. १८९४मध्ये मुंबईत शिळामुद्रण छापखाना सुरू झाला. धाकटे बंधू सी. राजराज वर्मा त्यांचे चित्रकामातील व व्यवहारातील सहकारी होते. यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीहून आणले गेले. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरावी लागे. मूळ चित्रातील चेहऱ्यावरचे सूक्ष्म भाव या प्रतींत बरेचसे हरवत, तरीही देवदेवतांच्या तसबिरी म्हणून त्या घरोघरी लागल्या.

धंदा मात्र तोट्यात गेला. त्यातच इ.स. १८९६मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. इ.स. १८९९मध्ये छापखाना घाटकोपरहून लोणावळ्याजवळील मळवलीस हलविण्यात आला आणि पुढे कर्जापायी तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावा लागला. आपल्याच चित्रांच्या छपाईवर रविवर्मांचा ताबा उरला नाही. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यात काम केले होते.

अखेरची वर्षे

इ.स. १९०४मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी बंधू राजराज वर्मा यांचे निधन झाले व इ.स. १९०६मध्ये रविवर्मा स्वतः निवर्तले. मळवलीचा छापखाना इ.स. १९७२मध्ये आगीत नष्ट झाला.