बुरख्यातील राज्यकर्त्या : भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम

थोर स्त्रियांची चरित्रे सांगावयाची म्हटले की आपण अहिल्यादेवी, राणी लक्ष्मीबाई, सावित्रीबाई ह्यांच्याकडे वळतो आणि ते योग्यच आहे. ह्या वर्षी मात्र मला एका निराळ्या बाईंची ओळख मैत्रिणींना करून द्यावीशी वाटली. भोपाळ संस्थानच्या गादीवर बसलेल्या शेवटच्या बेगम, सुलतान जहाँ, ह्यांनी पंचवीस वर्षे राज्य केले, आणि त्या सर्व काळात दरबारात, दौऱ्यावर, परदेशात त्या बुरखा घेऊनच वावरल्या. चेहरा झाकणे हे बाईचे बंधन की तिची इच्छा, आणि ज्याचा चेहरा दिसत नाही त्याच्यावर चार माणसांनी विश्वास कसा ठेवावा, हे प्रश्न आज जगभर विचारले जात आहेत. ह्या बाईंच्या आयुष्यात त्यांचे बरेचसे उत्तर सापडते, असे मला वाटते.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोषा हा केवळ मुसलमान घरांतला प्रकार नव्हता. आपल्याकडील सरदार-जहागीरदारांच्या वाड्यांतूनही तो होता. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईसाहेबांनाही गोषा होता, आणि तो त्यांनी पुढे निश्चयाने सोडला. म्हणून ही हकिकत कोणा परक्यांची आहे असे समजून वाचू नये.

सुलतान जहाँ बेगम ह्यांचा जन्म ९ जुलै १८५८ रोजी झाला. त्यांच्या घराण्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १८१९ साली भोपाळचे नवाब पिस्तुलाची गोळी लागून मरण पावले. मागे राहिली त्यांची तरुण विधवा कुदसिया बेगम आणि पदरात दीड वर्षाचीही न झालेली मुलगी. कुदसिया बेगमांनी मुलीच्या नावाने कारभार हाती घेतला आणि पुढे गोषा सोडला. ती मुलगी म्हणजे सिकंदर बेगम. तिने गोषा कधी पाळलाच नाही. घोड्यावर बसावे, सैन्याची पाहणी करावी, हिशेब तपासावेत, असा तिचा खाक्या होता. तिची मुलगी शाहजहाँ बेगम हिने मात्र १८७१ साली दुसरा विवाह केल्यावर पडदा स्वीकारला. आणि ह्या शाहजहाँ बेगमांची मुलगी म्हणजे आपल्या चरित्रनायिका. चार पिढ्या एकाच घरातल्या, धर्म एक, गादी एक. पण चेहऱ्यावरील वस्त्राबद्दल प्रत्येकीचा निर्णय वेगळा. चेहरा झाकण्याचा प्रश्न केवळ धर्माचा असता तर असे झाले नसते.

सुलतान जहाँ लहानपणी आजीच्या, म्हणजे सिकंदर बेगमांच्या, मायेत वाढल्या. त्या दहा वर्षांच्या असताना आजी वारली. आईचा दुसरा विवाह झाल्यानंतर मायलेकींत दुरावा आला, आणि तो इतका वाढला की एकाच शहरात राहून दोघींची वर्षानुवर्षे भेट नव्हती. आई पडद्याआड बसत असे आणि कारभारात तिच्या पतीचे प्रस्थ वाढले आहे अशी इंग्रज अधिकाऱ्यांची तक्रार होती. १८८५ साली सरकारने त्या गृहस्थांचे किताब काढून घेतले. इंग्रजांचा हेतू शुद्ध होता असे मी म्हणणार नाही. पण बाई पडद्याआड आणि कागदांवर दुसऱ्याची नजर, अशी स्थिती असली म्हणजे राज्य कोणाचे हा संशय लोकांच्या मनात येतोच.

हा धोका राजवाड्यापुरता नव्हता. गोषातील बायकांकडून पडद्याआडून अंगठा उठवून घ्यावा आणि जमीनजुमला लाटावा, असे प्रकार हिंदुस्थानात इतके होत की, गोषातील बाईने करून दिलेला दस्त तिला नीट समजावून दिला होता हे सिद्ध करण्याचा भार न्यायालयांनी लाभ घेणाऱ्यावर टाकला. त्याचबरोबर, चालीरीतीप्रमाणे चारचौघांत येत नाही अशा बाईला जातीने हजर राहण्याची सक्ती नसावी, असे कलमही १९०८ च्या दिवाणी कायद्यात घातले गेले. चेहरा झाकल्याने जगाला धोका होतो, ही चर्चा आपण पुष्कळ ऐकतो. पण चेहरा झाकलेल्या बाईलाच अधिक धोका असतो, हे ह्या जुन्या कायद्यांवरून कळते.

१९०१ साली आई वारली आणि सुलतान जहाँ गादीवर आल्या. पुढच्याच वर्षाच्या आरंभी त्यांचे पती अहमद अली खान मरण पावले. आजीसारखा गोषा सोडावा की आईसारखे पडद्याआड बसावे? त्यांनी दोन्ही केले नाही. बुरखा घेतला आणि त्या घराबाहेर पडल्या. जिल्ह्याजिल्ह्यांतून दौरे काढले, रयतेची गाऱ्हाणी स्वतःच्या कानांनी ऐकली, कागद स्वतः वाचले. चेहरा झाकला, पण डोळे, कान आणि सही ही दुसऱ्याच्या हाती दिली नाही. मला तर ह्या बाईंचे सारे मोठेपण ह्यातच दिसते.

१९०३ साली त्या हजला निघाल्या. हेजाझच्या वाटेवर टोळीवाल्यांनी त्यांच्या काफिल्यावर गोळीबार केला. तुर्की सुलतानाचे सैनिक बरोबर होते, म्हणून पुढचा प्रवास पार पडला. १९११ साली बादशहा पाचवे जॉर्ज ह्यांच्या राज्यारोहणासाठी त्या लंडनला गेल्या, युरोप पाहिला, कॉन्स्टॅन्टिनोपललाही जाऊन आल्या. त्याच वर्षी दिल्ली दरबारातही त्या होत्या. बुरखा आणि त्यावर मुकुट अशी त्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. ती पाहताना प्रथम जरा विचित्र वाटते खरे. पण बाईंच्या बसण्यातला रुबाब पाहिला की हसू विरून जाते.

त्यांचे खरे काम शिक्षणाचे. भोपाळात मुलींची शाळा काढली, स्त्रियांसाठी क्लब स्थापिला, सुईणींच्या शिक्षणाची सोय केली. १९१८ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. अलिगढच्या मुलींच्या शाळेस त्यांनी पैशाचे पाठबळ दिले. तिच्या वसतिगृहाचे उद्घाटन १९१४ साली त्यांच्याच हस्ते झाले. १९२० साली अलिगढ विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती म्हणून ह्या बुरख्यातील बाईंची नेमणूक झाली. मुलगी शाळेत येणार असेल तर तिच्यासाठी पडद्याची गाडी ठेवा, भिंत उंच करा, पण तिला शिकवा, असे त्यांचे धोरण होते. गोष्यासाठी शाळा अडवली नाही आणि शाळेसाठी गोषा हिसकावून घेतला नाही.

गोष्याविषयी त्यांचे मत त्या काळी पक्के होते. १९२२ साली ‘अल् हिजाब’ ह्या नावाने त्यांचे पुस्तक इंग्रजीत निघाले, त्यात गोषा आवश्यक आहे असेच प्रतिपादन होते. मला ते मत पटत नाही. परंतु मत बदलण्याची ताकद ज्यांच्यात असते त्यांचे जुने मतही प्रामाणिक असते, एवढे मी म्हणेन. १९२४ साली एकाच वर्षात त्यांचे दोन मोठे मुलगे गेले. धाकट्या हमीदुल्ला खानांचा वारसा मान्य व्हावा म्हणून ह्या वयातही त्या लंडनपर्यंत गेल्या, आणि १९२६ मध्ये त्यांना गादी देऊन स्वतः बाजूस झाल्या.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ह्यानंतरची. जानेवारी १९२७ मध्ये आपल्या पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी होत्या गोषा सोडलेल्या चिमणाबाईसाहेब. १९२८ साली दिल्लीस दुसरे अधिवेशन झाले, त्याच्या अध्यक्षा सुलतान जहाँ बेगम. लागोपाठच्या दोन वर्षी एकाच व्यासपीठाने दोघींना सारखाच मान दिला. आणि ज्या बाईंनी गोष्याच्या बाजूने पुस्तक लिहिले त्यांनीच आयुष्याच्या अखेरच्या दोन-तीन वर्षांत, सत्तरीच्या घरात, चेहऱ्यावरील बुरखा जाहीरपणे दूर केला. कोणी कायदा केला नव्हता, कोणी ओढून काढला नव्हता. ज्या हाताने घेतला त्याच हाताने बाजूस ठेवला. त्यांनी मांडीवर वाढवलेली नात आबिदा सुलतान पुढे बंदूक चालवू लागली, १९४२ साली विमान चालविण्याचा परवानाही तिने मिळविला. १२ मे १९३० रोजी बेगमसाहेबांचे निधन झाले.

ज्या फ्रान्समधून १९११ साली ह्या बाई बुरखा घेऊन गेल्या, तेथे बरोबर शंभर वर्षांनी, २०११ मध्ये, रस्त्यात चेहरा झाकण्यास कायद्याने बंदी झाली. हे प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. २०१४ साली न्यायालयाने समाजात एकत्र राहण्याच्या कारणावरून कायदा कायम ठेवला. पण सुरक्षिततेसाठी सरसकट बंदी हवी, हे म्हणणे मात्र त्याला पटले नाही. धोका दिसेल तेथे ओळख पटवण्यापुरता चेहरा दाखवावयास लावले तरी काम भागते, असे त्याचे मत पडले. श्रीलंकेत एप्रिल २०१९ मध्ये चर्चमध्ये व हॉटेलांत भीषण स्फोट झाले, तेव्हा सरकारने आणीबाणीच्या अधिकारात चेहरा झाकण्यास मनाई केली. शेकडो माणसे गेलेल्या देशाची भीती मी खोटी म्हणणार नाही. रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्यच आहे.

पण रक्षण कसे करावे ह्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मी शिक्षिका असताना निवडणुकीच्या कामावर जात असे. गोषातील मतदार बाई आली की आडोशाला नेऊन आम्ही स्त्री-अधिकारी तिचा चेहरा पाहत असू, नाव विचारत असू. मिनिटभराचे काम. खोटे मतही होत नसे आणि त्या बाईचा अवमानही होत नसे.

हे सर्व लिहिण्यास एक कारण आहे, ते लपवीत नाही. गेल्या वर्षी आपल्या शिवणवर्गातून एका भगिनीची पर्स चोरीस गेली. चोर सापडला नाही. त्यानंतर दारावर चेहरा झाकून प्रवेश नाही अशी पाटी लावावी, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली, आणि पाटी लागण्यापूर्वीच बुरखा घेणाऱ्या दोघीजणी यावयाच्या बंद झाल्या. आपल्याच मुली उन्हाधुळीपासून बचाव म्हणून ओढणीने नाकतोंड गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून स्कूटरवरून येतात. त्यांच्याविषयी कोणी सूचना मांडली नाही. २०२० साली तर आपण सगळ्याच तोंडे बांधून हिंडत होतो.

वार्षिक सभेत ह्या सूचनेचा निर्णय व्हावयाचा आहे. माझे मत असे, की दारात एक सभासद भगिनी बसवावी, येणाऱ्या प्रत्येकीचे नाव वहीत लिहावे, आणि ओळख पटत नसेल तर ती कोणीही असो, आतल्या खोलीत तिचा चेहरा पाहावा. कपाटाला नवे कुलूप बसवावे. आणि त्या दोघींच्या घरी जाऊन त्यांना परत बोलवावे. बुरखा ठेवावा की काढावा हे त्या ठरवतील. शिवण शिकण्याची सोय मात्र आपण बंद होऊ देऊ नये.